हिशेबाची वही आहे, विचाराची आहे का?

तुमच्या घरात उधारीची वही असेल, दुधाची असेल, मजुरांच्या हजेरीची तर असेलच. कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, हे आपण चोख लिहून ठेवतो. पण मागल्या साली कपाशीवर तिसरी फवारणी कशासाठी केली, असे कोणी विचारले तर सांगता येईल का? औषधाचे नाव कदाचित आठवेल. बिल सापडले तर पैसेही सांगाल. त्या दिवशी झाडावर काय दिसले होते आणि फवारल्यावर आठ दिवसांनी काय दिसले, हे मात्र बहुधा कोणालाच सांगता येणार नाही. मग पुढच्या साली पुन्हा तेच औषध, पुन्हा तीच घाई.

केलेल्या कामाकडे वळून पाहण्याची सवय कशी लागते, हे इंडोनेशियातल्या भातकऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे. तिथे तपकिरी तुडतुड्यांनी भातावर वर्षानुवर्षे कहर मांडला होता. सरकार सवलतीत औषधे देई, शेतकरी मारीत. पण औषधाने तुडतुडे खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक मेले, आणि तुडतुडे दुप्पट जोमाने उठले. अखेर 1986 साली सरकारने भातावरच्या 57 औषधांवर बंदी घातली. बंदी घालता येते. शेतकऱ्याच्या मनातली भीती कशी घालवायची? त्यासाठी 1989 पासून जागतिक अन्न व शेती संघटनेच्या मदतीने बांधावरच्या शाळा सुरू झाल्या.

मोठी मजेची शाळा होती ती! पंचवीसेक शेतकरी आठवड्यातून एकदा सकाळी शेतात उतरत. चुडाचुडाशी वाकून किडे मोजत. मग सावलीत बसून मोठ्या कागदावर मधोमध भाताचे झाड काढत. एका बाजूला शत्रू किडी, दुसऱ्या बाजूला मित्र. पाणी किती, हवा कशी, तेही त्यातच. यंदाच्या आठवड्यात काय करायचे, यावर वाद घालून निर्णय घेत, आणि पुढच्या आठवड्यात तीच माणसे तो निर्णय बरोबर ठरला का ते पाहत. कोणी विचारले, "गुरुजी, हा किडा कोणता?" तर गुरुजी नाव सांगत नसत. "कुठे सापडला? काय करीत होता?" असे उलट विचारत. कोळी आणि तुडतुडे एका बरणीत घालून वर फडके बांधायचे, आणि दुसऱ्या दिवशी किती उरले ते मोजायचे. कोवळ्या भाताची काही पाने मुद्दाम कापून पीक किती भरून काढते, हेही त्यांनी पाहिले. डोळ्यांनी पाहिलेले माणूस विसरत नाही.

आपल्याकडे कृषी विभागाच्या शेतीशाळा याच वळणाच्या आहेत. गावात असेल तर जरूर जा. नसेल, तर शंभर पानी वही तर कुठल्याही दुकानात मिळते.

वही अशी ठेवावी. डाव्या पानावर आज काय पाहिले, काय ठरवले आणि का ठरवले, ते लिहावे. उजवे पान कोरे सोडावे. ते आठ दिवसांनी, पुन्हा शेतात जाऊन आल्यावर भरायचे. "का" लिहिताना लाजू नका. शेजाऱ्याने मारले म्हणून मारले, दुकानदाराने दिले म्हणून मारले, असे असेल तर तसेच लिहा. आमच्या मते सगळ्या वहीत हीच ओळ सर्वांत मोलाची, आणि नेमकी तीच लिहायला हात धजत नाही.

गुलाबी बोंडअळीचेच घ्या. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री आठ पतंग सापडले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या, की उपाय करण्याची वेळ आली असे समजतात. वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी निघाली तरी तेच. आता हे आकडे आठवणीत कसे राहणार? लिहिलेच पाहिजेत. 2017 साल विदर्भाने विसरू नये. त्या एकाच हंगामात बोंडअळीने कपाशी खाल्ली, आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. एक फवारणी वाचली तर पैसे वाचतातच. पण पंप पाठीवर घेणारा माणूसही त्या दिवशी विषापासून वाचतो. म्हणून वहीत फवारणी कोणी केली, तोंडाला फडके होते का, नंतर डोके दुखले का, हेही येऊ द्या.

वही एकट्या घरधन्याची नसावी. वेचणीला बाया असतात. कवडी कापूस आणि किडकी बोंडे पहिल्यांदा त्यांच्याच हाताला लागतात. संध्याकाळी त्यांना विचारा आणि शाळेत जाणाऱ्या पोराला लिहायला बसवा. रोज नको, आठवड्यातून एक वार धरा. बाजाराचा वार बरा, कारण औषध आणायचे की नाही हे त्याच दिवशी ठरते.

डिसेंबरअखेर, फरदड ठेवायची की पऱ्हाट्या उपटायच्या हे ठरवण्याआधी, सारी वही घरच्यांसमोर एकदा मोठ्याने वाचा. शेवटच्या वेचणीत वीसांपैकी किती बोंडे किडकी निघाली, तो आकडा त्यात असेलच.