तापीचे खोरे : लेखांक तिसरा – पाटाची गावे आणि कौलाची गावे

मागील लेखांकात आपण मुलताईच्या उगमापासून चांगदेवाजवळील पूर्णासंगमापर्यंत आलो. तेथून पश्चिमेस, उत्तरेकडील सातपुडा आणि दक्षिणेकडील सातमाळ्याच्या रांगा यांच्यामध्ये जो सपाट मुलूख पसरला आहे, तोच खानदेश. आणि नद्यांनी युगानुयुगे आणून टाकलेल्या गाळाने येथील काळी जमीन इतकी सकस झाली आहे की, या भूमीत वस्ती अखंड नांदली असेल, असे नकाशा पाहणाऱ्यास सहज वाटावे. तसे मात्र घडलेले नाही.

ज्या नदीचे नाव या खोऱ्यास लाभले, ती पूर्वी शेतकऱ्याच्या फारशी उपयोगी पडत नसे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. उंच दरडींमधून खोल पात्राने वाहणाऱ्या तापीचे पाणी वर चढविणे मोटेच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून गोमाईच्या संगमावरील प्रकाशे, जेथे 1955 साली झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर मिळाले, किंवा फारुकी सुलतानांचे थाळनेर, अशी स्थळे थोर खरी. पण बागायतीचा खरा संसार थाटला तो पांझरा, मोसम यांसारख्या लहान नद्यांच्या काठी. तेथे नदीला आडवा बंधारा घालून पाट काढीत, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडीत, आणि एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, अशी पिकांची पाळी दरवर्षी फिरवीत. प्रत्येक खातेदाराचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असे; त्यामुळे पाण्याची टंचाई पडली तर ती सर्वांच्या वाट्यास सारखी येई. पाणी सोडणारा पाटकरी, त्यावर देखरेख करणारा हवालदार आणि पिके राखणारा जागल्या यांचे मोल पिकातूनच चुकविले जाई. सरकारी अंमलदाराची वाट न पाहता चाललेली ही व्यवस्था प्रस्तुत लेखकास खानदेशातील कोणत्याही किल्ल्याहून अधिक अभिमानास्पद वाटते.

कोरडवाहू गावांना असा आधार नव्हता. 1631 मध्ये मुमताजमहल बऱ्हाणपुरास मृत्यू पावली, हे प्रत्येक विद्यार्थी जाणतो. परंतु त्याच सुमारास गुजरात, खानदेश आणि दख्खन येथे अन्नान्न दशा होऊन गावेच्या गावे ओस पडत होती, याचे स्मरण कितीजणांस असते? पुढे 1802 मध्ये होळकरांच्या फौजा या मुलखातून लूट करीत गेल्या, त्यामागून 1803–04 चा दुष्काळ आला, आणि पेशवाई संपून 1818 साली इंग्रजांचा कॅप्टन ब्रिग्ज येथे कारभारास आला तेव्हा पुष्कळ परगण्यांत बेचिराख मौज्यांची नोंद करणे, हेच दप्तराचे मुख्य काम होऊन बसले होते.

उजाड गाव पुन्हा वसविण्याची जुनी रीत म्हणजे कौल आणि इस्तावा. परागंदा झालेल्या रयतेस अभयाचा कौल द्यावयाचा, पहिल्या सालास नाममात्र दस्त घ्यावयाचा आणि साल-दरसाल तो वाढवीत काही वर्षांनी पूर्ण आकारास आणावयाचा. पडीत रान मोडून बैलजोडी उभी करीपर्यंत कुळास सवड हवी, हे मराठेशाहीतील कमाविसदार पुरते ओळखून होते. परंतु कौल कागदावर राहून भागत नसे. वाटा निर्धोक नसतील तर कुळे परततील कशी? सातपुड्यातील आणि सातमाळ्यातील भिल्लांचे पिढीजात हक्क बुडाल्याने घाटवाटांवर धामधूम माजली होती. कित्येक वर्षे पलटणी पाठवूनही ती शमली नाही. 1825 साली औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारण्यास आरंभ केला, त्यानंतर मात्र हळूहळू रस्ते चालू लागले आणि ओस गावांतून पुन्हा तिफणी फिरू लागल्या.