अवजारावरची चिठ्ठी

संगणकाशी बोलता येते, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. पण गेल्या काही वर्षांत या बोलक्या यंत्रांकडे बोलण्यापलीकडची कामेही येऊ लागली आहेत. तिकिटाची चौकशी करणे, भेटीची वेळ ठरवणे, पैसे परत पाठवणे अशी कामे आपल्या वतीने करणाऱ्या प्रणालीला 'एजंट' म्हणतात. विम्याचा एजंट आपल्या ओळखीचा आहे. हा त्याचाच संगणकातला भाऊ म्हणा. या एजंटांसाठी सूचना लिहिणे हे माझे काम. त्याविषयी आज थोडे सांगणार आहे.

हा एजंट मुळात भाषेतला. शब्द जुळवणे त्याला जमते, पण रेल्वेच्या नोंदींत डोकावणे स्वतःहून जमत नाही. त्यासाठी छोट्या छोट्या आज्ञावल्या त्याच्या हाती द्याव्या लागतात. त्यांना 'टूल', म्हणजे अवजार म्हणतात. जून २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीने अशी अवजारे जोडण्याची सोय प्रोग्रामरांना दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही खुली पद्धत जाहीर केली. एकदा बनवलेले अवजार निरनिराळ्या एजंटांना वापरता यावे, हा तिचा उद्देश.

आता यातली खरी गोम अशी, की एजंटला अवजाराचे पोट सहसा दिसत नाही. त्याला दिसते ते अवजाराचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याची यादी. फडताळातल्या बंद डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात, तसेच हे. चिठ्ठीवर नुसते 'पांढरी पूड' लिहिले, तर मीठ घ्यायचे की साखर?

एक उदाहरण घेऊ. एका अवजाराचे वर्णन आहे, 'तिकिटाचे काम करते.' गणपतीला कोकणात जाणारा एखादा चाकरमानी एजंटला म्हणतो, "माझ्या तिकिटाचं जरा बघ." त्याला हवी आहे फक्त स्थिती. अवजार मात्र तिकीट रद्द करण्याचे निघाले, तर हाती आलेली जागा गेली! त्या दिवसांत ती पुन्हा कुठून मिळणार?

तेच वर्णन असे लिहून पाहा : 'दिलेल्या दहा अंकी पीएनआर क्रमांकाचे तिकीट रद्द करते. रद्द केलेले तिकीट पूर्ववत करता येत नाही. प्रवाशाने स्पष्ट होकार दिल्यावरच वापरावे. नुसती स्थिती पाहायची असल्यास "तिकीट-स्थिती" हे अवजार वापरावे.' अवजार काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये आणि परिणाम काय, हे सारे चार वाक्यांत आले.

दुसरी काळजी एककांची. पैशांचे व्यवहार करणाऱ्या अनेक सेवा रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत मागतात. पाचशे रुपयांसाठी तिथे ५०००० लिहावे लागतात. यादीत नुसते 'रक्कम' असेल, तर एजंट ५०० भरेल आणि समोरच्याला पाच रुपये मिळतील. म्हणून 'रक्कम, पैशांत' असेच लिहावे. तारखेचेही तसेच. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठरवून द्यावा आणि सोबत एक नमुना द्यावा. आपला 'परवा' तर मागचाही असतो आणि पुढचाही! खिडकीवरचा कारकून संदर्भाने ओळखतो किंवा उलट विचारतो. एजंटलाही 'शंका असल्यास विचार' असे सांगून ठेवावे लागते.

अवजार अडले, तर त्याचे उत्तरही कामाचे हवे. 'चूक क्रमांक ४००' यातून काय समजणार? 'तारीख उलटून गेली आहे. आजची किंवा पुढची द्यावी' असे म्हटले, की गाडी पुढे सरकते.

म्हणून काय पानेच्या पाने लिहावीत? तर नाही. ही वर्णने एजंटला प्रत्येक कामाच्या वेळी वाचावी लागतात. अवजारे फार झाली किंवा दोन सारखीच दिसू लागली, की निवड चुकते. अशा वेळी लिहिण्याआधी अवजारांचीच छाटणी करावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्णन ही सूचना आहे, कुलूप नव्हे. जे परत फिरवता येत नाही, त्याला अडसर आज्ञावलीतच घालावा आणि शेवटचा होकार माणसाकडून घ्यावा.

वर्णन नीट जमले की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. ते कामाची काहीच माहिती नसलेल्या माणसाला वाचायला द्यावे. मग लोक ज्या दहा तऱ्हांनी एकच गोष्ट विचारतात, त्या दहाही तऱ्हा एजंटपुढे ठेवून तो कोणते अवजार उचलतो ते पाहावे. जिथे तो अडखळेल, तिथले वाक्य पुन्हा लिहावे. या कामाला प्रोग्रामरइतकाच साधे, नेमके मराठी लिहू शकणारा माणूसही लागणार आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)