पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पोराचे मित्र ठेवताय? आधी करार करा

पिंपळगाव राजा : पोराची नोकरी पुण्यात, फ्लॅट बापाच्या नावावर आणि हप्त्याला हातभार म्हणून एक खोली त्याच्या मित्रांना. पण घर ज्याच्या नावावर, करार त्यानेच करायचा. पोराला सही करायची तर कुलमुखत्यारपत्र लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, जबाबदारी घरमालकाची. नसेल तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरी गोची पुढेच आहे. वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, खोट्या ठरवायचं काम मालकाचं. डिपॉझिट किती, खोली कधी सोडायची, सगळं त्यात आलं. पोराचा मित्र म्हणून कागद टाळू नका. नोंदणी ऑनलाइन होते, आधार लागते. पोलीस ठाण्यातही भाडेकरूची माहिती द्या.