वाइन म्हणवणारी बिअर

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

नाशिककराला वाइन म्हणजे काय हे सांगायला जाऊ नये. १९९७ साली राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली, २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूरला वाइन पार्क उभं राहिलं. तेव्हापासून पाहुणा घरी आला की त्र्यंबकेश्वर, पंचवटी आणि वायनरी अशी तीन ठिकाणं ठरलेली. त्यामुळे अमेरिकेहून आलेल्या भाच्यानं सामानातून दोन लहान बाटल्या काढल्या आणि त्यावर 'बार्लीवाइन' असं वाचलं, तेव्हा मी मोठ्या ज्ञानीपणानं मान डोलावली. द्राक्षाची वाइन असते तशी ही बार्लीची, म्हणजे आपल्या सातूची, असं मी धरून चाललो.

ते साफ चूक होतं. बार्लीवाइन ही बिअरच आहे, फक्त वाइनइतकी तेज.

पहिली बाटली मी फ्रीजमध्ये रात्रभर ठेवली, मोठ्या ग्लासात ओतली आणि चिवड्याबरोबर, बिअर पितात तशी, घोट घोट न घेता ढोसली. कडू, चिकट, खोकल्याच्या औषधाची आठवण करून देणारं काहीतरी तोंडात आलं. दुसरी बाटली 'जुनी झाली की चांगली होते' असं भाचा म्हणाला होता म्हणून माळ्यावर टाकली. पत्र्याखालचा माळा, वर नाशिकचा एप्रिल-मे. दिवाळीत उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास! दोन्ही बाटल्या वाया गेल्या आणि दोन्ही वेळी दोष माझाच होता. मग मात्र ही वस्तू आहे तरी काय, हे नीट समजून घ्यायला बसलो.

बिअर कशी होते ते आधी थोडक्यात पाहू. बार्लीचे दाणे भिजवतात, त्यांना मोड आणतात. मटकीला आणतो तसेच. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात की जी पिठाची साखर करू शकतात. मोड फार वाढण्याआधी दाणे भट्टीत वाळवतात. हा झाला माल्ट. नाचणीचं माल्ट घरोघरी होतं, त्याचाच हा भाऊ. माल्ट भरडून साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की पिठाची साखर होते आणि गोड रस मिळतो. तो हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळतात, गार करतात, यीस्ट घालतात. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व वायू देतं. हॉप्सचा कडवटपणा गोडीला आवरतो. (ही वेल आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्ये पिकते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.)

आता बार्लीवाइनची खुबी. नारळ खवून त्याचं दूध काढताना पहिलं दूध घट्ट निघतं, त्याच चवावर पुन्हा पाणी घालून पिळलं की दुसरं पातळ. जुन्या इंग्रजी ब्रुअरीत नेमकं हेच चालायचं. माल्टवरून निथळलेला पहिला दाट रस वेगळा ठेवायचा, त्याची होई सगळ्यांत तेज एल. दुसऱ्या पाण्याची रोजची बिअर. तिसऱ्या पाण्याची अगदी हलकी, घरातले नोकरचाकरही दिवसभर पीत असा प्रकार. पाण्याचं एका लिटरचं वजन १००० ग्रॅम धरा. साध्या बिअरच्या रसाचं ते १०४५ ते १०५० ग्रॅम भरतं. बार्लीवाइनच्या रसाचं १०९० ते ११२० ग्रॅम! इतकी साखर त्यात विरघळलेली असते. शिवाय तो दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त आटवतात. बासुंदी आटवताना रंग बदलतो, वास बदलतो, तसंच इथं घडतं.

मग यीस्टची परीक्षा सुरू होते. यीस्टला साखर हवी असली तरी अति साखर सोसत नाही, आणि स्वतःच तयार केलेलं अल्कोहोल शेवटी त्यालाच मारक ठरतं. ८, ९, १० टक्क्यांपर्यंत जाता जाता ते थकतं आणि काही साखर तशीच मागे राहते. बार्लीवाइनची गोडी ती ही. साखर वरून घातलेली नसते, यीस्टनं अर्ध्यावर सोडलेल्या कामाची ती खूण असते.

नाव कुठून आलं? इसवीसनपूर्व ४०१ च्या सुमारास ग्रीक सैन्याबरोबर आर्मेनियाच्या डोंगरातून परतणाऱ्या झेनोफननं लिहून ठेवलंय की तिथल्या खेड्यांत मोठ्या भांड्यांमध्ये 'बार्लीची वाइन' होती, वर दाणे तरंगत होते, लोक ती बोरूच्या नळ्यांनी ओढत. पाणी न घालता घेतली तर फार तेज, पण सवय झाली की छान, असा त्याचा अभिप्राय. नवख्याची अडचण अडीच हजार वर्षांपूर्वीही हीच होती म्हणायची. आजच्या बार्लीवाइनचा त्या पेयाशी थेट संबंध काही नाही. ती इंग्लंडची. फ्रान्सशी वारंवार लढाया झाल्या, फ्रेंच वाइन महागली, तेव्हा तिथले जमीनदार आपल्या वाड्यांतच ऑक्टोबर महिन्यात तेज एल गाळून पिंपांत मुरवू लागले. मुलगा जन्मला की पिंप भरायचं आणि तो २१ वर्षांचा झाला की फोडायचं, अशीही चाल होती. आपल्याकडे बारशाला घुगऱ्या वाटतात तेच बरं, निदान त्याच दिवशी खायला मिळतात!

या ऑक्टोबर एलचा आपल्याशी संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेकडच्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून अशाच मुरवायच्या जातीची फिकट एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी मुंबई-कलकत्त्याकडे येऊ लागली. वाड्याच्या तळघरात जे मुरायला वर्ष-दोन वर्षं लागत, ते जहाजाच्या हेलकाव्यांत आणि उष्णतेत काही महिन्यांत होई. पुढे ती 'इंडिया पेल एल' म्हणून ओळखली गेली. त्या व्यापारात उतरलेल्या बर्टन गावच्या बास कंपनीनंच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपली सर्वांत तेज 'नंबर १' एल 'बार्ली वाइन' या नावानं विकायला सुरुवात केली. म्हणजे नाव तसं जाहिरातीतलंच. वाइनचा रुबाब बिअरला उसना आणलेला. अमेरिकेत १९७५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीनं 'ओल्ड फॉगहॉर्न' काढली, १९८३ साली कॅलिफोर्नियातल्याच सिएरा नेवाडानं 'बिगफूट'. तिथं लेबलवर 'बार्लीवाइन शैलीची एल' असं लिहितात, गिऱ्हाइकाला द्राक्षाची वाइन वाटू नये म्हणून. मी ते 'शैलीची' वाचलंच नव्हतं. अमेरिकन प्रकारात हॉप्सचा मारा जबर. इंग्रजी प्रकार माल्टकडे झुकलेला, मऊ. नवख्यानं आधी इंग्रजी वळणाची चाखावी, असं माझं मत.

ब्रिटिश शिपायांचा विषय निघालाच आहे तर आपल्या देवळालीला विसरून कसं चालेल? मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत. काम नाही, उकाडा, ताप आणि दारू. त्यातून डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली टॅप' म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या, राज्यातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरीनं 'डूलाली' हेच नाव घेतलं. वेगवेगळ्या जातींच्या ताज्या बिअरची चव महाराष्ट्रातल्या बऱ्याच लोकांना तिथून पुढे लागली.

पण अस्सल, १० टक्क्यांची बार्लीवाइन आपल्याकडे सहजी का मिळत नाही? अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं २०१८ साली मादक पेयांसाठी जे नियम केले, त्यांत बिअरचे दोन वर्ग आहेत. ५ टक्क्यांपर्यंत सौम्य, आणि ५ ते ८ टक्के स्ट्राँग. त्यापलीकडे बिअरच्या खात्यात जागा नाही.

आणि इथंच मला माझा निफाडकडचा मित्र आठवतो. बागायतदार माणूस, द्राक्षाचा मणी दातांत धरून साखर किती आलीय ते सांगणारा. बिअरच्या बाबतीत मात्र त्याचा एकच प्रश्न असे, "चढते किती?" स्ट्राँगशिवाय त्याला बिअर बिअर वाटत नसे. आपल्याकडे बहुतेकांचा हिशोब तोच असतो, म्हणून तो हिशोब एकदा मांडूनच पाहू. ६५० मिलीची ८ टक्क्यांची बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ६० मिलीचा व्हिस्कीचा पेग, ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे जवळजवळ २६ मिली. एक स्ट्राँग बाटली म्हणजे दोन मोठे पेग झाले, आणि 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणारा माणूस संध्याकाळी अशा दोन बाटल्या संपवतो. १० टक्क्यांची बार्लीवाइन ऐकायला भयंकर, पण ती पितात १५० मिली. म्हणजे १५ मिली अल्कोहोल. कारण ती घाईनं पिताच येत नाही. अर्थात, ३३० मिलीची पूर्ण बाटली एकट्यानं रिचवली तर ३३ मिली पोटात जातं आणि मग गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही.

माझ्या मित्राला चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी यकृताचा अहवाल दाखवला आणि सगळं बंद झालं. त्यानं शब्द पाळलाय.

मागच्या डिसेंबरात भाचा पुन्हा आला. या वेळी दोन बाटल्या आल्या त्या उत्तरेकडच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात, उभ्या ठेवल्या. उभ्या अशासाठी की तळाशी यीस्टचा गाळ बसतो. मुरवायची तर १० ते १५ अंशांची, फार न बदलणारी थंडी हवी. नाशिकचा हिवाळा चालतो, उन्हाळ्यासाठी मात्र फ्रीजचा खालचा कप्पाच बरा. बाटलीत उरलेला थोडासा प्राणवायू गार जागी हळूहळू काम करतो. हॉप्सचा कडवटपणा उतरतो, मनुका-खजुराचा, शेरीसारखा गंध येतो. तोच प्राणवायू उकाड्यात झपाट्यानं काम करतो आणि पुठ्ठा होतो. इंग्लंडमध्ये १९६८ साली टॉमस हार्डी या कादंबरीकाराच्या स्मरणार्थ काढलेली एक एल २५ वर्षं टिकेल असं तिचे कर्ते सांगत. आपण चार-पाच वर्षांवर समाधान मानावं.

उघडायच्या आधी अर्धा तास बाटली बाहेर काढून ठेवली. फार गार असली की जीभ बधिर होते, वास दबतो आणि नुसता कडूपणा कळतो. माझ्या पहिल्या बाटलीचं तेच झालं होतं. १२-१३ अंश पुरेत. वाइनचे लहान ग्लास घेतले, तिघांत एक बाटली वाटली. सोबत चिवडा नाही. मुरलेलं चीज आणि थोडी अंजिराची बर्फी. चीजच्या खारटपणानं गोडी उठावदार होते आणि बर्फीशेजारी तीच बिअर कोरडी लागते. तिखट मात्र जवळ नको, अल्कोहोल तिखटाला आणखी भडकवतं.

मित्र त्या संध्याकाळी आला होता. त्याच्यापुढे कोकम सरबत. आम्ही एकमेकांकडे बघत "गोड आहे, कडू आहे" एवढंच म्हणत होतो. तो म्हणाला, "ग्लास इकडे कर, पीत नाही, बघतो फक्त." नाकाशी धरला, डोळे मिटले. "काळ्या मनुका," म्हणाला. मग थोड्या वेळानं, "काकवी. गुऱ्हाळावरच्या कढईच्या काठाला लागलेली, जरा करपलेली." मी घोट घेतला. होती. इतका वेळ समोर असून मला सापडली नव्हती.

ग्लास रिकामा झाल्यावर त्यानं तो पुन्हा मागून घेतला. रिकाम्या ग्लासातही वास बराच वेळ राहतो. "आता खारीक," तो म्हणाला. दुसरी बाटली अजून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहे, ती उघडताना बोलवायचं असं त्यानं बजावून ठेवलंय.