आधी झेल, मग धाव

डेव्हिन हेस्टरने अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या कारकिर्दीत ३१५ पंट, म्हणजे समोरच्या संघाने पायाने लांब धाडलेले चेंडू, परत आणले आणि त्यांतल्या १४ वेळा थेट समोरच्या गोलरेषेपार पळत टचडाउन केला. हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. मुख्यतः रिटर्नर म्हणून ओळखला जाणारा खेळाडू प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदा गेला तो २०२४ साली, आणि तोही हेस्टरच. आता ३१५ ला १४ ने भागून पाहा. ज्याच्याइतका चांगला दुसरा झाला नाही त्यालाही २२-२३ पंटांमागे एकदा टचडाउन मिळाला. उरलेल्या ३०१ वेळा त्याने काय केले, हे कुठल्याच क्लिपमध्ये सापडत नाही. रिटर्नर कसा निवडावा याविषयीचे बहुतेक गैरसमज त्या १४ क्लिपांमधून आलेले आहेत. संघातला सगळ्यात वेगवान पोरगा मागे उभा करा, चेंडू त्याच्या हातात पडू द्या, बाकी तो बघून घेईल, अशी समजूत घट्ट बसली आहे. सामने मात्र त्या ३०१ वेळांत सावरतात किंवा हातचे जातात. रिटर्नर आधी झेल घेणारा असतो, मग निर्णय घेणारा आणि त्यानंतर धावणारा. त्याची निवड करतानाही हाच क्रम पाळला पाहिजे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लाथेने उडवून समोरच्या संघाकडे सोपवण्याचे मुख्य प्रसंग दोन. सामन्याच्या व उत्तरार्धाच्या सुरुवातीला किंवा गुण झाल्यावर जमिनीवर ठेवलेला चेंडू मारतात तो किकऑफ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकणे जमत नाही असे दिसले की चौथ्या प्रयत्नाला हातातून सोडलेला चेंडू पायाने लांब धाडतात तो पंट. पलीकडे उभा राहून चेंडू घेणाऱ्याला दोन्ही वेळा रिटर्नरच म्हणतात, आणि नाव एक असल्यामुळे काम आणि माणूसही एकच असावा असे वाटते. एकच माणूस दोन्ही कामे करतो असे होतेही, पण त्याने फरक मिटत नाही. किकऑफ घेणाऱ्याला चेंडू हाती आल्यावर पावले टाकायला थोडी मोकळी जागा असते. पंट घेणाऱ्याच्या अंगावर माणसे जवळपास चेंडूबरोबरच येऊन धडकतात. कॉर्डरेल पॅटरसनचे उदाहरण घ्या. सहा फुटांहून उंच, शंभर किलोच्या घरातला हा गडी किकऑफवर नऊ टचडाउन करून विक्रमवीर झाला, पण पंट परत आणायचे काम त्याला जवळजवळ कधीच मिळाले नाही. उलट बाजूला न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ज्युलियन एडेलमन. कॉलेजात तो चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक होता आणि निव्वळ वेगात त्याच्या पुढे असणारे लीगमध्ये कितीतरी होते. तरी पंट घेणाऱ्यांमध्ये त्याचे नाव वर्षानुवर्षे आदराने घेतले गेले.

हे कसे, ते कळण्यासाठी पंटच्या खाली उभे राहून पाहावे लागते. चांगला पंट साधारण साडेचार सेकंद हवेत असतो. चेंडू क्रिकेटच्या चेंडूसारखा गोल नाही, दोन्हीकडे टोकदार आहे. वर चढताना तो स्वतःभोवती फिरतो, आणि खाली येताना त्याचे टोक वळून जमिनीकडे झाले की तो अपेक्षेपेक्षा लांब जातो. टोक वरच राहिले तर तो मध्येच मेल्यासारखा आखूड पडतो. डाव्या पायाच्या पंटरचा चेंडू उलट्या दिशेने फिरतो आणि उलट्या बाजूला सरकतो. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना डाव्या पायाचे पंटर पसंत होते, ही गोष्ट या खेळात सर्वांना ठाऊक आहे. इतके सगळे वाचत असताना रिटर्नरला निदान एकदा नजर खाली आणून दोन टोकांकडून सुसाट येणारे समोरचे धावपटू, म्हणजे गनर, किती जवळ पोचले ते पाहायचे असते, पुन्हा वर पाहून चेंडू शोधायचा असतो, कोपरे अंगाशी आवळून तो छातीवर घ्यायचा असतो. उंच उडालेला झेल घेताना सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षकही गडबडतो, आणि त्याला आडवे पाडायला कोणी पळत येत नसते. या साडेचार सेकंदांत शर्यतीतल्या वेगाचा उपयोग शून्य. ट्रिंडन हॉलिडे २००९ मध्ये अमेरिकन विद्यापीठांचा १०० मीटरचा विजेता होता. १२ जानेवारी २०१३ रोजी डेन्व्हर ब्रॉन्कोसकडून एकाच प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात त्याने ९० यार्डांचा पंट आणि १०४ यार्डांचा किकऑफ परत आणून टचडाउन केले. प्लेऑफमध्ये असे दुहेरी यश आधी कोणालाच मिळाले नव्हते. पण चेंडू हातून सुटण्याची तक्रार त्याच्या मागे सतत राहिली आणि कोणत्याच संघात तो फार काळ टिकला नाही.

चेंडू सुटला तर बिघडते काय, असे नव्या प्रेक्षकाला वाटेल. झेल सुटला तर क्रिकेटमध्ये फलंदाज वाचतो, इथे मात्र घरच हातचे जाते. पंट मारणाऱ्या संघाला आपण मारलेला चेंडू एरवी ताब्यात ठेवता येत नाही. समोरच्या संघातल्या कोणाच्या अंगाला तो नुसता लागला तरी तो मोकळा होतो आणि जो उचलेल त्याचा होतो. २२ जानेवारी २०१२ रोजी एनएफएलच्या दोन गटांपैकी एनएफसीच्या अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचा नेहमीचा रिटर्नर टेड गिन जखमी होता. त्याच्या जागी आलेल्या काइल विल्यम्सने एक पंट घ्यायचाच नाही असे ठरवले, तो बाजूलाही होऊ लागला, पण उड्या घेत आलेला चेंडू त्याच्या गुडघ्याला निसटता लागून गेला. न्यूयॉर्क जायंट्सने तो उचलला आणि थोड्याच वेळात टचडाउन केला. पुढे जादा वेळेत पंट घेऊन पळताना त्याच्या हातातला चेंडू हिसकावला गेला, जायंट्सने ३१ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि २०-१७ ने जिंकून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, गाठला. त्या मुलाला दोष देणारे पुष्कळ झाले. मला यात दिसते ते वेगळेच. त्याला पळता येत नव्हते असे नाही, आणि पहिल्या वेळी तर त्याने झेलही सोडला नव्हता. उसळत्या चेंडूपासून वेळेवर, पुरेसे लांब पळणे हेही रिटर्नरचे कामच आहे, आणि बदली खेळाडूला त्याची तालीम सगळ्यात कमी मिळते. असा चेंडू दिसला की काही संघांत रिटर्नर ‘पॉयझन, पॉयझन’ असे ओरडतो, म्हणजे सहकाऱ्यांनीही त्याच्या जवळपास फिरकू नये.

इथे आकडेवारी मदत करण्याऐवजी दिशाभूल करते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रिटर्नरची सरासरी काढतात ती त्याने जे पंट परत आणले त्यांवरून. लीगची सरासरी नऊ यार्डांच्या आसपास फिरते, आणि बारा असलेला आठ असलेल्यापेक्षा सरस मानला जातो. पण समजा एकाने सगळे अवघड पंट जमिनीवर पडू दिले, ते पुढे दहा-पंधरा यार्ड घरंगळत गेले, आणि त्याने हात घातला तो फक्त सोप्या, सपाट चेंडूंना. त्याची सरासरी झकास दिसेल. दुसऱ्याने पुढे झेपावून अवघड पंट हवेतच पकडले आणि हात वर हलवून फेअर कॅच मागितला. त्याने वाचवलेले यार्ड त्याच्या सरासरीत कुठेच दिसत नाहीत. फेअर कॅच म्हणजे भित्रेपणा, ही समजूत याच सरासरीने पोसली आहे. हात हलवला की त्याला कोणी धडकू शकत नाही आणि त्यालाही पुढे धावता येत नाही. गनर दोन पावलांवर असताना हा सौदा फायद्याचाच असतो. शहाणपणाची दुसरी खूण दहा यार्डांच्या रेषेवर दिसते. आपल्या गोलरेषेपासून दहा यार्डांवर टाचा रोवून उभे राहायचे आणि चेंडू डोक्यावरून गेला तर मागे सरकायचे नाही, असे रिटर्नरांना शिकवतात. तो गोलरेषेमागच्या एंड झोनमध्ये गेला तर टचबॅक मिळून संघ वीस यार्डांवरून सुरुवात करतो. मागे जाऊन पाच यार्डांवर पकडला तर ते पंधरा यार्ड आपण होऊन पाण्यात घातले. हात चांगले पण डोके तापट असलेला खेळाडू इथेच संघाला खड्ड्यात घालतो.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे १९ डिसेंबर २०१०. शेवटचे १४ सेकंद, जायंट्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स ३१-३१. पंट आला, डिशॉन जॅक्सनच्या हातातून सुटला, त्याने तो उचलला आणि वेळ संपता संपता ६५ यार्डांचा टचडाउन करून सामना जिंकला. झेल सोडूनही वेगाने जिंकता येते, याला आणखी पुरावा काय हवा? मुद्दा गंभीर आहे, म्हणून तो पंट नीट पाहावा. चेंडू बाहेर मारायचा असताना पंटरकडून तो मैदानातच, सपाट आणि खाली गेला. असा चेंडू पंटरच्या साथीदारांच्या फार आधी पोचतो. जॅक्सनच्या हातून तो सुटला तेव्हा आसपास कोणी पोचलेलेच नव्हते, त्यामुळे वाकून उचलायला आणि वळायला त्याला फुरसत मिळाली. पंट उंच असता तर त्याच चुकीला तिथेच शिक्षा झाली असती. त्या दिवशी जॅक्सनचा वेग कामी आला हे खरेच आहे, पण त्याआधी समोरच्याची चूक कामी आली होती, आणि समोरचा चुकेल या भरवशावर माणूस निवडता येत नाही. हेस्टरच्या बाबतीतही क्लिप पूर्ण गोष्ट सांगत नाही. ४ फेब्रुवारी २००७ रोजी सुपर बोलच्या पहिल्याच किकऑफवर त्याने ९२ यार्ड पळून टचडाउन केला, आणि शिकागो बेअर्स तो सामना २९-१७ ने हरले. त्याचे खरे देणे याहून मोठे होते. प्रतिस्पर्धी त्याच्याकडे चेंडू मारायलाच धजत नसत. ते बाहेर किंवा आखूड मारत आणि न धावताच शिकागोला मैदान मिळे.

आता मोठ्या खेळाडूला या कामाला लावू नये, या म्हणण्याकडे येऊ. यात तथ्य आहे. १९९८ च्या सराव सामन्यात जायंट्सने आपला अव्वल बचावपटू, कॉर्नरबॅक जेसन सीहॉर्न याला किकऑफ घ्यायला पाठवले, त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले आणि अख्खा मोसम हातचा गेला. निकालाला काडीचीही किंमत नसलेल्या सामन्यात हा जुगार खेळणे मला आजही अक्षम्य वाटते. पण यावरून हे काम राखीव बाकावरच्या कोणाचेही, असा निष्कर्ष काढणे चूकच. डियॉन सँडर्स कॉर्नरबॅक म्हणून शिखरावर असताना पंट घेत होता. पॅट्रिक पीटरसनने २०११ च्या पदार्पणाच्या मोसमात बचावात खेळता खेळता पंटवर चार टचडाउन केले. धोका तोलायचा तो प्रसंग पाहून. आघाडीवर असताना पक्क्या हातांचा दुय्यम खेळाडू पुरेसा असतो. सामना अडीच मिनिटांवर आला आणि मैदानाचा एकेक यार्ड हवा असला, तर मुख्य खेळाडूला दोन वेळा मागे उभे करण्यात काही गैर नाही. अट एकच, त्याने आठवडाभर पंट झेललेले असले पाहिजेत.

किकऑफचे गणित मात्र अलीकडे मुळापासून बदलले. ११ फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये १३ किकऑफ झाले आणि तेराही टचबॅक. एकही परत आला नाही. त्याच वर्षी नियम बदलला. आता मारणारा आपल्या ३५ यार्डांवर, त्याचे दहा साथीदार समोरच्या संघाच्या ४० वर, आणि अडवणारे त्यांच्यापुढे अवघ्या पाच यार्डांवर. चेंडू खाली पडेपर्यंत किंवा कोणी त्याला हात लावेपर्यंत या दोन्ही रांगांनी हलायचे नाही. लांबून वेग घेऊन होणाऱ्या धडका यामुळे गेल्या. रिटर्नरपुढची वाटही त्यासोबत अरुंद झाली. आता त्याला दोन भिंतींमधली फट ओळखून, एक पाऊल रोवून, सरळ घुसावे लागते. हे चेंडू घेऊन गर्दीत घुसणाऱ्या रनिंग बॅकचे रोजचे काम आहे. नव्या नियमाखाली नियमित मोसमातला पहिला टचडाउन केला तो ॲरिझोना कार्डिनल्सच्या डीजे डॅलसने, ८ सप्टेंबर २०२४ रोजी बफेलोविरुद्ध, ९६ यार्ड पळून. तो रनिंग बॅकच. मग निदान किकऑफपुरती झेलाची अट ढिली करावी, असे कोणी म्हणेल. २०२४ मध्ये ते काहीसे चालूनही गेले असते. पण २०२५ मध्ये एंड झोनमधल्या टचबॅकला ३५ यार्ड देऊ केले, आणि चेंडू सरळ एंड झोनमध्ये धाडणे महाग पडू लागले. किकर त्यामुळे चेंडू मुद्दाम खाली, वेडावाकडा डगमगत, गोलरेषा आणि २० यार्ड यांच्या मधल्या पट्ट्यात टाकू लागले. तिथे फेअर कॅच नाही, पडलेला चेंडू सोडून देता येत नाही, आणि तो कुठे उसळेल ते सांगता येत नाही. त्या पट्ट्यात दोघे उभे असतात. कोणी घ्यायचा आणि कोणी पुढे होऊन अडवायचे, हे त्यांना ओरडून क्षणात ठरवावे लागते. सरावात रिटर्नरच्या दोन्ही काखांत एकेक चेंडू कोंबून तिसरा, चौथा, पाचवा झेलायला लावायची जुनी कसरत आहे. यंत्रातून येणारे चेंडू मात्र सगळे एकसारखे येतात. म्हणून ही कसरत खऱ्या किकरच्या पायातून आलेल्या, जमिनीवर आपटून वाकडे उडालेल्या चेंडूंवर घ्यायला हवी, आणि कोणाला मागे उभे करायचे हे त्यानंतर ठरवावे.