माळरानावरच्या द्राक्षबागा: ऐकीव समज आणि वस्तुस्थिती

मुलगा किंवा मुलगी इंग्लंडमध्ये नोकरीला आणि आईवडील उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे राहून आलेले, अशी घरं आता सोलापुरात बरीच आहेत. परत आल्यावर फोनमधले फोटो दाखवले जातात. हिरवी टेकडी, तळ्यावरचा दगडी पूल, उतारावर सरळ ओळीत लावलेली द्राक्षं. फोटो संपले की कुणीतरी म्हणतंच, "आपल्याकडं काय आहे असलं?" या एका प्रश्नात तिकडच्या बागांबद्दलचे आणि इकडच्या बागांबद्दलचेही बरेच गैरसमज दडलेले आहेत. ते एकदा नीट तपासून पाहायला हवेत, कारण त्यांच्यामुळे आपण आपलाच जिल्हा पाहायचा राहून जातो.

"तिकडे पाऊस भरपूर म्हणून बागा, आपला जिल्हा पडला दुष्काळी."

सोलापूर जिल्ह्याचं वार्षिक सरासरी पर्जन्यमान साधारण साडेपाचशे मिलिमीटर आहे. लंडनचं सहाशेच्या आसपास. म्हणजे आकड्यांत फार अंतर नाही. अंतर आहे ते पाऊस पडण्याच्या रीतीत. तिकडे तो बाराही महिने थोडा थोडा येतो, ऊन मवाळ असतं आणि जमिनीतली ओल टिकते. आपल्याकडे तो पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत कोसळतो, परतीच्या पावसाची वाट पाहायला लावतो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून गेला की उरलंसुरलं पाणी उडून जातं.

म्हणून इथे बाग करायची तर आधी पाणी साठवावं लागतं, आणि हे काम सोलापूर फार पूर्वीपासून करत आलं आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव बांधला, तो आजही शहराच्या मध्यभागी आहे. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला. १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण उभं राहिलं. आजच्या द्राक्षबागायतदाराचं शेततळं याच रांगेतलं आहे. त्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यातून ठिबकच्या नळ्या निघालेल्या. दुष्काळाच्या वर्षांत टँकरनं पाणी विकत आणून इथल्या लोकांनी वेली जगवल्या आहेत. मुळं खोल जावीत आणि कमी, खारट पाण्यातही वेल तगावी म्हणून आधी डॉगरीजचा खुंट लावायचा आणि त्यावर हव्या त्या जातीचं कलम बांधायचं, ही पद्धत आता घरोघरी माहीत आहे.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. कोरडी हवा द्राक्षाला मानवते. डावणी हा द्राक्षावरचा सगळ्यात घातक रोग ओलसर हवेत फोफावतो. ज्या कोरडेपणाला आपण नावं ठेवतो, त्याचाही इथल्या द्राक्षात वाटा आहे.

"इंग्लंडचं सौंदर्य निसर्गानं दिलेलं."

हा समज सगळ्यात पक्का आहे आणि सगळ्यात चुकीचा. ज्या जुन्या बागा पाहायला लोक जातात, त्यांतला 'निसर्ग' माणसांनी फावड्यानं घडवलेला आहे. अठराव्या शतकात लॅन्सलॉट ब्राउन नावाच्या माणसानं दीडशेहून अधिक जमीनदारांची रानं नव्यानं आखली. जागा पाहिल्यावर 'इथे वाव आहे' असं तो म्हणायचा, म्हणून त्याला 'केपॅबिलिटी' ब्राउन हे नाव पडलं. ब्लेनहाइम वाड्याचं प्रसिद्ध तळं म्हणजे ग्लाइम नावाच्या लहानशा नदीला बांध घालून त्यानं अडवलेलं पाणी. हिरवळीपलीकडे गाई चरताना दिसाव्यात, पण मध्ये कुंपण दिसू नये, म्हणून या बागांत खोल चर खणून त्याच्या एका बाजूला भिंत बांधत. वाड्याच्या खिडकीतून पाहिलं तर हिरवळ सलग दिसते.

या सौंदर्याची किंमत कधीकधी दुसऱ्यांनी मोजली. डॉर्सेटमध्ये मिल्टन अ‍ॅबी इथल्या जमीनदाराला वाड्याशेजारचं जुनं गाव नजरेआड करायचं होतं. त्यानं ते पाडलं आणि लोकांना पलीकडच्या खोऱ्यात एकसारख्या घरांच्या दोन रांगा बांधून दिल्या. ते मिल्टन अ‍ॅबस गाव आज 'सुंदर खेडं' म्हणून फोटोत येतं. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांना हा फोटो पाहून काय वाटेल, हे मला वेगळं सांगायची गरज वाटत नाही.

बाग आणि द्राक्षं एकत्र पाहायची असतील तर सरे परगण्यातल्या कोबहॅमजवळचं पेन्सहिल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चार्ल्स हॅमिल्टन या सरदारपुत्रानं १७३८ पासून पुढची पस्तीसेक वर्षं ती बाग रचली. तिथलं तळं शेजारच्या मोल नदीपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे चाक लावून नदीचं पाणी वर चढवावं लागलं. उपसा सिंचनावर शेती करणाऱ्या आपल्या माणसाला हे लगेच समजेल. तळ्याच्या काठच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर त्यानं द्राक्षं लावली. लाल वाईनचा प्रयत्न फसला, पण पांढरी, बुडबुड्यांची वाईन इतकी साधली की जाणकारांनाही ती फ्रान्सची वाटे. शेवटी पैसा संपला आणि १७७३ मध्ये त्याला सगळं विकावं लागलं. नंतर बाग रानात गडप झाली. १९८० मध्ये स्थानिक पालिकेनं तिचा मोठा भाग विकत घेतला, पुढे एका न्यासानं ती जुन्या नकाशांवरून पुन्हा उभी केली आणि त्याच उतारावर पुन्हा वेली लावल्या.

"द्राक्षबाग म्हणजे वाईन. बायकामुलांना, आईवडिलांना घेऊन कसं जायचं?"

सोलापूर जिल्ह्यात पिकणारी बहुतेक द्राक्षं वाईनसाठी नसतात. ती खाण्यासाठी बाजारात जातात किंवा त्यांचा बेदाणा होतो. पंढरपूर तालुक्यात कासेगावच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर बेदाण्याची शेडं भरलेली दिसतात. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढायचे, जाळीच्या मजल्यांवर पसरायचे आणि सावलीत, वाहत्या वाऱ्यावर साधारण दोन आठवडे सुकवायचे. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. रंग राखायला गंधकाची धुरी देतात. नंतर प्रतवारीला बायका बसतात आणि त्यांचे हात ज्या वेगानं चालतात तो पाहण्यासारखा असतो. मुलांना दाखवायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

वाईनची बागही जिल्ह्यात आहे. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ मोटेवाडीला 'फ्रातेल्ली' आहे. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू अशा तीन घरांनी मिळून हा उद्योग उभारला. टस्कनीतले अनुभवी वाईनकार पिएरो मासी इथे आले आणि टस्कनीची सांजोवेझे ही जात माळशिरसच्या जमिनीत रुजली. तिथे जाऊन वेलीच्या ओळी पाहता येतात, टाक्या आणि लाकडी पिंपं पाहता येतात. चव घेणं हा त्यातला एक भाग आहे, सक्ती नाही. आपल्या राज्यात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि ती पाळलीच पाहिजे. अकलूजला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं, पुढे माळीनगरला उभं रिंगण. हा मुलूख वारीच्या वाटेवरचा आहे. माळकरी माणसानं तिथे जाऊन वेल, माती आणि छाटणी पाहावी, न चाखता परत यावं. त्यात त्याचं काहीही अडत नाही.

माळीनगरचं नाव आलंच आहे तर सांगतो. सासवडच्या माळी समाजाचे शेतकरी नीरेच्या पाण्यामागून या भागात आले, रानं बागायती केली आणि १९३०च्या दशकात स्वतःचा साखर कारखाना उभा केला. इंग्लंडमध्ये जुन्या बागेच्या दाराशी मालकाचा इतिहास लिहिलेला असतो. इथे बाग घडवणाऱ्यांनीच वसाहत वसवली, तिला आपल्या समाजाचं नाव दिलं, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला ते माहीत नसतं.

"वाईनची द्राक्षं म्हणजे आपलीच, जरा आंबट."

उलट आहे. वाईनची द्राक्षं लहान, जाड सालीची, बियांची आणि तोडणीच्या वेळी खाण्याच्या द्राक्षांपेक्षा जास्त गोड असतात. लाल वाईनचा रंग सालीतून येतो. रस सालीपासून लगेच वेगळा केला तर काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाईन होते.

"मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन येऊ."

दरवर्षी किती कुटुंबं अशी निघतात आणि हिरमुसून परततात! मे महिन्यात आपल्या बागेत एकही घड नसतो. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते, तिची छाटणी वर्षातून एकदा. आपल्या हवेत वेल झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. द्राक्षं खायला आणि तोडणी पाहायला जानेवारीअखेर ते मार्च हाच काळ. सोलापूरकराला लक्षात ठेवायला सोपं आहे: गड्ड्याची जत्रा आटोपली की बागेकडे निघायचं.

तरीही मे महिना अगदी वाया जात नाही. पुढच्या जानेवारीत दिसणारा घड एप्रिल-मेच्या उन्हातच नव्या काडीच्या डोळ्यात आकार घेत असतो. बागायतदार म्हणतो की माझं वर्ष उन्हाळ्यात ठरतं, ते यामुळे. त्याच्याबरोबर बागेत फिरलात तर तो काडीची जाडी आणि डोळा दाखवत हे समजावून सांगेल.

इंग्लंडला जाणाऱ्यांनीही वेळ पाहावी. निळ्या ब्लूबेलच्या फुलांनी रानं भरतात ती एप्रिलअखेर ते मे, गुलाब जूनमध्ये, पानांचे रंग ऑक्टोबरमध्ये. द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. नेमके तेव्हा आपले आईवडील गणपती-दसऱ्यासाठी परतलेले असतात.

"घडावरची पांढरी पावडर म्हणजे औषध."

मण्यावरचा तो पातळ, दुधी थर म्हणजे वेलीनं स्वतः तयार केलेलं मेण. बागायतदार त्याला लव म्हणतात. तिच्यामुळे मण्यातलं पाणी उडत नाही. लव शाबूत असलेला घड ताजा आणि कमी हाताळलेला, म्हणून तोडणाऱ्या बायका घड देठाला धरूनच उचलतात. पाहुण्यानं बागेत शिरून मणी चिवडले की तो घड निर्यातीतून बाद होऊ शकतो.

याचा अर्थ फवारणी होत नाही असा मुळीच नाही. डावणी आणि भुरी या रोगांसाठी ती होते, आणि शेवटच्या फवारणीनंतर तोडणीपर्यंत ठरावीक दिवस जावे लागतात. निर्यातीच्या बागांची ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर नोंद होते आणि औषधांच्या अंशांची तपासणी होते. म्हणून बागेत विचारल्याशिवाय तोडून खाऊ नये, आणि घरी आणलेली द्राक्षं धुऊनच खावीत.

"माळ पडीकच होता, बागा झाल्या हे बरंच झालं."

बार्शी रस्त्यावरचं नान्नज द्राक्षवाल्यांना माहीत आहे ते नानासाहेब काळे यांच्यामुळे. थॉमसन सीडलेसच्या वेलीवर वेगळी, लांब मण्यांची फांदी हेरून त्यांनी 'सोनाका' जात पुढे आणली. काळी 'शरद सीडलेस'ही तिथलीच. प्रयोगशाळेत नव्हे, स्वतःच्या बागेत डोळे उघडे ठेवून एका शेतकऱ्यानं हे केलं. जिल्ह्यानं याचा मोठा अभिमान बाळगावा.

पण त्याच नान्नजला १९७९ मध्ये जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक उघड्या गवताळ माळावर जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा एका वेळी एकच. माळ नांगरला गेला, वीजतारा आल्या आणि हा पक्षी आता तिथे दिसणं नशिबाचा भाग झाला आहे. काळवीट दिसतात, लांडगाही दिसतो. माळ कधीच पडीक नव्हता. तो कुणाचं तरी घर होता आणि आहे. मला द्राक्षबाग मनापासून आवडते, पण उरलेला गवताळ माळ तिच्यासाठी मोडावा असं मी कधीही म्हणणार नाही. नान्नजला जाणाऱ्यानं सकाळी माळ पाहावा, दुपारी बाग. एकच पाहून परतणं म्हणजे अर्धं गाव पाहणं.

"खासगी बागेत आपल्याला कोण येऊ देणार?"

इंग्लंडमध्ये १९२७ साली नॅशनल गार्डन स्कीम सुरू झाली. घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी हवा होता, म्हणून लोकांनी आपल्या खासगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन उघडल्या. पहिल्याच वर्षी सहाशेहून अधिक बागा उघडल्या. आज तिथे हजारो बागा वर्षातले ठरावीक दिवस दार उघडतात, चहा आणि घरचा केक देतात आणि जमलेला पैसा सेवाकार्याला जातो.

महाराष्ट्रात २०२० साली कृषी पर्यटन धोरण आलं. नोंदणी करून शेतकऱ्याला पाहुणे घेता येतात. माझ्या मते सोलापूरच्या बागायतदारांनी हंगामातला एखादा रविवार तरी ठरवून दारं उघडावीत, आणि शहरातल्या लोकांनी तिकीट काढून जावं, फुकटच्या घडांची अपेक्षा न ठेवता. तोवर सरळ मार्ग आहे: फोन करून, वेळ विचारून जायचं. फवारणीचा दिवस असेल तर तो नको म्हणेल, ते ऐकायचं. सकाळी लवकर पोहोचायचं, कारण तोडणी ऊन चढायच्या आत उरकतात. आणि निघताना पेटी विकत घ्यायची, तिथल्या भावानं.