थरथर वाचण्याची विद्या

गोल चौकटीवर ताणलेल्या कातड्यातून सुरेल आवाज निघू नये, असं गणित सांगतं. तारेचं तसं नाही. तार छेडली की मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नेमक्या पटींत तिचे उपस्वर उमटतात आणि कान त्या सगळ्यांची मोट बांधून एकच स्वर ऐकतो. कातड्याच्या पटी मात्र मोडक्या निघतात. मूळ कंपन १ धरलं, तर पुढची १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशी. यांचा आपसात मेळ बसत नाही आणि कानाला धरून ठेवायला स्वर सापडत नाही. गणेशोत्सवातल्या ढोलाला ठोका आहे, दणका आहे, अंगावर काटा आणणारी ताकद आहे. पण गायकाने ज्यावर आपला षड्ज टेकवावा, असं त्यात काही नाही.

आणि तरीही मैफल सुरू होण्यापूर्वी तबलजी हातोडीने गजरा आणि गट्टे ठोकत तबला तानपुऱ्याच्या षड्जाशी मिळवतो, आणि तो मिळतो. पखवाजही मिळतो, मृदंगही मिळतो. गणिताने जे नाकारलं, ते या वाद्यांत कसं घडतं, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कलकत्त्यातल्या एका माणसाने फार मनावर घेतला होता.

चंद्रशेखर वेंकट रामन १९०७मध्ये सरकारी वित्तखात्यात अधिकारी म्हणून कलकत्त्याला आले. कचेरीच्या आधी आणि नंतरचा त्यांचा वेळ बौबाजार स्ट्रीटवरच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’मध्ये जायचा. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६मध्ये उभारलेली ही संस्था तेव्हा जवळजवळ ओसाड पडलेली होती. १९१७मध्ये ते नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले, पण प्रयोगशाळा तीच राहिली. रामन म्हटलं की आपल्याला प्रकाश आठवतो. त्यांची पहिली मोठी ओढ मात्र नादाची होती. व्हायोलिन, वीणा, तानपुरा, मृदंग ही त्यांच्या अभ्यासाची साधनं होती, आणि तो अभ्यास इतका पक्का होता, की जर्मनीत निघणाऱ्या भौतिकशास्त्राच्या महाकोशात १९२७ साली वाद्यांवरचं प्रकरण त्यांच्याकडून लिहून घेण्यात आलं. १९२०च्या जानेवारीत शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी ‘नेचर’मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं, १९३४मध्ये त्याच विषयावर सविस्तर निबंध लिहिला. सगळं उत्तर कातड्याच्या मधोमध बसलेल्या त्या काळ्या वर्तुळात आहे, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं.

ते काळं वर्तुळ म्हणजे शाई. ती कशी बसवतात, हे एकदा तरी तबला-दुरुस्तीच्या दुकानात उभं राहून बघावं. बकऱ्याच्या कातड्याच्या पुडीवर आधी खळीचा पातळ हात फिरतो. मग लोखंडाची बारीक पूड आणि पिठाची किंवा भाताची चिकट खळ एकत्र मळून केलेला मसाला बोटाने गोल पसरतात, आणि गुळगुळीत दगडाने घोटायला लागतात. घोटून घोटून थर सुकला, की त्यावर दुसरा, तिसरा, चौथा. वरचे थर लहान लहान होत जातात, म्हणून शाई मध्यावर जाड आणि कडेला पातळ राहते. घोटताना तिच्यात बारीक भेगांचं जाळं पडतं. नवख्याला तो दोष वाटेल. पण तोच तिचा प्राण आहे. भेगा नसत्या तर शाई अखंड चकतीसारखी ताठ राहिली असती आणि खालचं कातडं हललंच नसतं. भेगांमुळे तिचे कण सुटे सुटे डोलतात: वजन पडतं, ताठपणा येत नाही. थराथरागणिक कारागीर टिचकी मारून ऐकतो. त्याच्याजवळ तराजू नसतो, मोजपट्टी नसते. पुडीला अजून किती वजन हवं, हे त्याला आवाजच सांगतो.

रामन यांनी हेच डोळ्यांना दिसेल असं केलं. कातड्यावर त्यांनी बारीक वाळू भुरभुरली आणि वेगवेगळ्या जागी बोट टेकवून वेगवेगळ्या जागी आघात केले. क्लाड्नी या जर्मन संशोधकाने अठराव्या शतकाच्या शेवटी धातूच्या पत्र्यांवर वापरलेली ही युक्ती. पृष्ठभाग जिथे थरथरतो तिथून वाळू उडते, आणि जो भाग स्थिर राहतो, म्हणजे जिथे निस्पंद रेषा असते, तिथे जाऊन बसते. तबल्यावर एकेका आघाताला एकेक रेषाचित्र उमटलं: कधी एक व्यास, कधी एकमेकांना छेदणारे दोन व्यास, कधी आतलं वर्तुळ.

या चित्रांतून जे निघालं ते थक्क करणारं आहे. साध्या कातड्याच्या पहिल्या नऊ कंपनपद्धतींच्या नऊ वेगळ्या, बेमेळ कंपनसंख्या असतात. शाईच्या वजनाने त्या अशा सरकतात, की नवांचे पाचच गट पडतात आणि त्यांच्या पटी येतात १, २, ३, ४, ५. पहिल्या गटात एक पद्धत, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन, चौथ्यात दोन, पाचव्यात तीन. गवयाच्या भाषेत सांगायचं तर षड्ज, वरचा षड्ज, त्यावरचा पंचम, आणखी वरचा षड्ज आणि गंधार. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोही हा पाचवा उपस्वरच. तबला तानपुऱ्यात मिसळून जातो, त्यामागचं शास्त्र हे.

‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे कातड्याच्या काठावर, पडते. सबंध कातडं एकदम वरखाली होतं ते पहिलं कंपन त्या टेकलेल्या बोटामुळे दबतं. ज्या कंपनाची निस्पंद रेषा त्या बोटाखालून जाते ते सुटं राहतं आणि खणखणीत ऐकू येतं. उलट ‘तूं’ वाजवताना बोट शाईवर पडून लगेच उचललं जातं, आणि तेच दबलेलं पहिलं कंपन मोकळं होतं. गुरूने शिष्याचा हात धरून बोट चिमूटभर इकडे-तिकडे सरकवावं, यात कंपनशास्त्राचा सगळा पाठ आहे. आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. समीकरणं तेवढी नंतर लिहिली गेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी १९५४मध्ये शाईसकट कातड्याचं गणित मांडलं. दोन वेगळ्या घनतांचं कातडं त्यांनी कल्पिलं आणि त्यातून रामन यांच्या पटी जवळजवळ तशाच मिळाल्या.

तानपुऱ्याचं रहस्य याहून नाजूक आहे. तार ज्या बिंदूपाशी छेडावी, तिथे ज्या उपस्वराची निस्पंद जागा असेल, तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा तारेचा जुना नियम. तानपुरा हा नियम मोडतो, हे रामन यांनी १९२१मध्ये नोंदवलं: जो उपस्वर नसायला हवा, तोच गाजत राहतो. कारण घोडीत आहे. तिचा माथा धारदार नसून किंचित उतरता, वक्र असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते, आणि या टेकण्या-सुटण्यात खालच्या स्वरांची ताकद वरच्या उपस्वरांना मिळत राहते. तार आणि घोडी यांच्यामधला जवारीचा दोरा केसभर पुढेमागे केला की हा स्पर्श नेमका होतो आणि तानपुरा ‘बोलू’ लागतो.

ही जवारी, म्हणजे घोडीचा हा नेमका उतार, काढणारे हात महाराष्ट्रात मिरजेला आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतलं आद्य नाव. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या मते मानांकन ही दाद झाली. त्या कानाच्या ज्ञानाची मोजदाद अजून व्हायची आहे.

१९२१ हे साल रामन यांच्या आयुष्यात आणखी एका कारणाने महत्त्वाचं. त्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा इंग्लंडला गेले आणि परतताना ‘नरकुंडा’ जहाजाच्या डेकवरून त्यांनी भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहिला. समुद्राचा निळा म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांचं मत तेव्हा प्रमाण मानलं जाई. रामन यांच्या खिशात निकोल लोलक होता. त्यातून योग्य कोनात पाहिलं की पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश गाळला जातो. परावर्तन गेलं, तरी निळा रंग राहिलाच, उलट गडद झाला. म्हणजे रंग पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा. ‘नेचर’ला धाडलेल्या त्यांच्या पत्रावर ठिकाण आहे मुंबई बंदर, आणि तारीख २६ सप्टेंबर. बोट धक्क्याला लागेपर्यंत पत्र तयार होतं.

इथून पुढची सात वर्षं द्रवांनी विखुरलेल्या प्रकाशाचा पिच्छा पुरवण्यात गेली. के. आर. रामनाथन यांना १९२३मध्ये विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाबाहेरची एक फिकट झाक दिसली होती; द्रव कितीही शुद्ध केला तरी ती जाईना. १९२८च्या सुरुवातीला के. एस. कृष्णन यांच्यासह रामन पुन्हा तिच्या मागे लागले. सात इंची दुर्बिणीच्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटायचा, निळ्या-जांभळ्या काचेतून गाळून द्रवावर सोडायचा. बाजूला, डोळ्यासमोर, निळा-जांभळा पूर्ण अडवणारी हिरवट काच. दोन्ही काचा एकावर एक धरल्या तर पलीकडे काळोख. मध्ये द्रव ठेवला की मात्र एक पुसट प्रकाश दिसायचाच. म्हणजे द्रवातून बाहेर पडताना थोड्या प्रकाशाचा रंग बदललेला होता. सुमारे ६० द्रवांत हेच आढळलं. २८ फेब्रुवारीला वर्णपटदर्शकातून बदललेला प्रकाश वेगळा स्पष्ट दिसला. १९३०मध्ये नोबेल मिळालं ते यासाठी.

हा रंग बदलतो तो रेणूच्या थरथरीने. प्रकाशाचा बहुतेक भाग आहे तसाच विखुरतो. कोट्यवधी प्रकाशकणांत एखादा रेणूला कंप देऊन, तेवढी ऊर्जा गमावून बाहेर पडतो. किती गमावली हे मोजलं की रेणू कोणत्या कंपनसंख्येने थरथरतो ते कळतं. बेन्झिनचंच उदाहरण घ्या. त्याचं सहा कर्बअणूंचं कडं सबंध एकदम फुगतं आणि आक्रसतं. त्याची रेषा वर्णपटात ९९२ प्रति सेंटिमीटरवर येते, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० लाख कोटी कंपनं. तबल्याच्या कातड्याचं पहिलं कंपनही याच जातीचं: सगळं एकदम, मध्ये निस्पंद रेषा नाही. कातड्याचं वजन बदललं की जसा स्वर बदलतो, तसं अणूंचं वजन किंवा त्यांच्यातला बंध बदलला की रेषा सरकते. ज्या माणसाने आधी शाईचा अभ्यास केला, त्यालाच रेणूची थरथर सापडावी, याला मी योगायोग मानायला तयार नाही.

आज ही रेषा ओळखपत्राचं काम करते. औषधाच्या गोळीत सांगितलेलं रसायन आहे की नाही, जुन्या चित्रात कोणता रंग वापरला आहे, हे वस्तूला धक्का न लावता कळतं. हिऱ्याची रेषा १३३२ वर. काच किंवा हिऱ्यासारखं दिसणारं मॉइसनाइट समोर ठेवलं तर ती तिथे उमटत नाही. इथे या पद्धतीची मर्यादाही दिसते: प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही हिराच असल्याने त्याची रेषाही १३३२ वरच येते. तो वेगळा काढायचा तर त्याच्यातले सूक्ष्म दोष लेसरने उजळून पाहावे लागतात. सिलिकॉनच्या एका दोषाची ७३७ नॅनोमीटरची खूण त्यांपैकी एक. आवाजालाही अशी मर्यादा आहे. नुसत्या आवाजावरून ढोलाचा आकार ओळखता येईल का, असा प्रश्न गणिती मार्क काट्स यांनी १९६६मध्ये विचारला. १९९२मध्ये गॉर्डन, वेब आणि वोलपर्ट यांनी दोन वेगळ्या आकाराचे, पण कंपनसंख्या अगदी सारख्या असणारे ‘ढोल’ मांडून दाखवले. उत्तर आलं: नेहमीच नाही. म्हणून जाणकार एकाच खुणेवर विसंबत नाहीत. ऐकतात, पाहतात, आणि दोन्ही पडताळून घेतात.

फेब्रुवारी २०२१मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवर हेच केलं आहे. तिच्या ‘सुपरकॅम’ उपकरणातला हिरवा लेसर दूरच्या खडकाचा रामन वर्णपट घेतो. त्याच उपकरणात मायक्रोफोनही आहे. दुसऱ्या लेसरच्या माऱ्याने खडकाचा कण वाफ होऊन उडतो तेव्हा ‘टक्’ असा आवाज होतो, आणि त्या आवाजावरून खडक किती कठीण आहे याचा अंदाज बांधतात. मंगळाच्या विरळ हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २४० मीटर, हेही अशाच आवाजांवरून मोजलं गेलं. खडकाला ठोका द्यायचा आणि ऐकायचं: शाई घोटणाऱ्या कारागिराचीही पद्धत हीच.

आपल्या लेखांत-निबंधांत या कारागिराचं नाव फारसं येत नाही. रामन यांनी भारतीय चर्मवाद्यांमागच्या प्राचीन ध्वनिज्ञानाला मोठी दाद दिली, ती रास्तच होती. पण ते ज्ञान ग्रंथात बंद नाही. ते आज पुण्या-मुंबईच्या, मिरजेच्या, पंढरपूरच्या दुकानांत जिवंत माणसांच्या बोटांत आहे, आणि त्यांची मुलं या धंद्यात राहतीलच असं नाही. लेसरच्या किरणाने कातड्याच्या प्रत्येक बिंदूची हालचाल मोजणारी यंत्रं आता आपल्या मोठ्या संस्थांत आहेत. ती घेऊन कोणीतरी या दुकानांत बसलं पाहिजे. शाईचा कितवा थर पडल्यावर कोणता उपस्वर जागेवर आला, जवारीला कानशीचा कोणता हात फिरल्यावर गंधार उघडला, याची नोंद कारागिराच्या नावासकट झाली पाहिजे.

शाळांना एक विनंती. येत्या २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, रामन यांच्या तसबिरीला हार घालून थांबू नका. गावातल्या तबला बनवणाऱ्याला सन्मानाने बोलवा, त्याला मानधन द्या, आणि त्याच्याच हाताने तबल्यावर बारीक कोरडी रांगोळी भुरभुरून, एक बोट शाईच्या कडेला टेकवून, चाटेवर हलके हलके ठोके द्यायला सांगा. रांगोळी रेषेत येऊन बसेल. ती रेषा मुलांनी वहीत काढून घ्यावी, आणि मग तबला मऊ फडक्याने पुसून त्यांना ‘ना’ ऐकवावा.